पाणी चढलं, पण कशामुळे?

हायस्कूलला विज्ञान शिकवायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर कृतीतून शिकवण्याचं महत्त्व बी.एड.लाच ऐकून झालं असेल. ते पुन्हा सांगत नाही. गट पाच-सहा जणांचे करा, साहित्य आदल्या दिवशी स्वतः वापरून बघा. मला बोलायचंय ते मेणबत्तीच्या प्रयोगाबद्दल. पहिल्याच वर्षी त्याने मला नववीच्या वर्गासमोर गप्प केलं.

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. मी फळ्यावर लिहिलं, हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलांनी उतरवून घेतलं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, तीन मेणबत्त्या लावल्या तरी पाणी तेवढंच चढेल ना?" ग्लास तोच, हवा तेवढीच, म्हणजे चढायला हवं होतं तेवढंच. लावल्या. पाणी कितीतरी वर गेलं.

"पुढच्या तासाला सांगतो," म्हणालो. त्या रात्री झोप लागली नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "एकच मेणबत्ती लावायची, म्हणजे प्रश्नच येत नाही." असा सल्ला देणारा माणूस कितीही मायेचा असो, त्याच्याकडून विज्ञान शिकवायला शिकू नका.

घरी पुन्हा पुन्हा करून बघितलं. ज्योत जळते तोवर पाणी फारसं हलत नाही, विझताच झपाट्याने चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं, तर जळतानाच हळूहळू चढलं असतं. ग्लास ठेवताना आत कोंडली जाते ती ज्योतीने तापून फुगलेली हवा. थोडी काठाखालून बुडबुड्यांनी निसटतेसुद्धा. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापलेली. ऑक्सिजन पुरता संपतही नाही. बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते, आणि जेवढा जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका मेणबत्तीने पाणी पाचव्या हिश्शाच्या आसपास चढलं, की आकडा जुळल्यासारखा वाटतो. मी त्यातच फसलो. प्रयोग हमखास यशस्वी होतो, म्हणून चुकीचं स्पष्टीकरणही खरं वाटतं.

आता मी ग्लास ठेवण्याआधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावतो, कारणासकट. पाच मिनिटं जातात, पोर्शन मागे पडतो, पडू द्या. व्हिडिओ बघून तसाच्या तसा प्रयोग वर्गात नेऊ नका. महागडं किटही नको, ते कपाटातच राहतं. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी मला आवडतात, कारण ती मुलांना स्वतः बनवता येतात आणि मोडली तरी कुणी ओरडत नाही.

उत्तर आलं नाही तर वर्ग तुमचा मान ठेवायचा थांबेल, ही भीती मनातून काढा. पुढच्या तासाला मी फळ्यावरचं वाक्य खोडायला लावलं. मग परीक्षानळीला आतून पाणी लावून लोखंडाचा कीस चिकटवला आणि ती पाण्यात उपडी ठेवली. कीस लेथवाल्याकडचा असेल तर आधी साबणाने धुवा, तेलकट कीस गंजत नाही. गंजताना ऑक्सिजन खरोखर खर्च होतो आणि बदल्यात कोणताही वायू तयार होत नाही. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत पट्टी घेऊन खिडकीपाशी यायची. काही दिवसांनी पाणी नळीच्या साधारण पाचव्या हिश्शावर येऊन थांबलं.