माद्रिदमध्ये मॅच बघायची तर: सांगली-साताऱ्याहून जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत माद्रिदला जायचं ठरत असेल, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी ला लीगाचं, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगचं, वेळापत्रक उघडा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग मध्येच थांबते. सुट्टी नेमकी त्यात सापडली, तर मैदानं दिसतील, मॅच दिसणार नाही. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेच्या अखेरीस संपतो, त्यामुळे मुलांच्या परीक्षा आटोपल्या की लगेच निघणं उत्तम.

तारखेचा घोळ याहून मोठा. वेळापत्रकात सामना रविवारी दिसला, तरी तो शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत कधीही खेळवला जातो. पक्का दिवस आणि वेळ टीव्हीच्या सोयीने ठरते आणि फक्त काही आठवडे आधी कळते. म्हणून माद्रिदचा मुक्काम शुक्रवार ते मंगळवार सकाळ असा धरा. शनिवारी मॅच आणि रविवारी बार्सिलोना हा बेत इथेच फसतो.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुंबईची अपॉइंटमेंट असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, पण गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून अकरानंतरची वेळ मागा.

तिकीट क्लबच्या साइटवरूनच घ्या. आधी सभासदांचा नंबर लागतो, उरलेली तिकिटं मग सर्वांसाठी खुली होतात. रिअल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना किंवा रिअल विरुद्ध माद्रिदचाच दुसरा क्लब अ‍ॅटलेटिको यांचा नाद सोडा. तक्त्यात मधे असलेल्या संघाविरुद्धची मॅच धरा. विक्रीची वेळ स्पेनच्या घड्याळाची असते. आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. पैसे भरताना हमखास अडतं ते कार्डावर: आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा, आणि स्पेनमध्ये पोचल्यावर तिकीट काढणार असाल तर ओटीपीसाठी भारतातल्या सिमचं रोमिंगही. तिकिटावर पुएर्ता म्हणजे गेट, फिला म्हणजे रांग, आसिएन्तो म्हणजे खुर्ची. गेट चुकलं तर बाहेरून मैदानाला वळसा घालावा लागतो.

मेट्रोसाठी 2.50 युरोचं लाल मुल्ती कार्ड घ्या. त्यावर 10 फेऱ्या भरल्या की एकच कार्ड घरातल्या सगळ्यांना पुरतं. दर माणशी एकदा टेकवायचं. खाली सांगितलेली तिन्ही मैदानं झोन ए या मधल्या भाडे-पट्ट्यातच येतात.

रिअलचं मैदान सांतियागो बर्नाबेउ (1947) मेट्रोच्या लाइन 10 वर, त्याच नावाच्या स्टेशनला लागून आहे. 1982 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथलाच. आता इथलं गवत मोठमोठ्या पट्ट्यांमध्ये सुटं होऊन जमिनीखाली उतरवता येतं. टूर मॅचच्या दिवशी ठेवू नका, कारण ती काही तास आधी बंद होते आणि बहुधा ड्रेसिंग रूमही दाखवत नाहीत.

तिथून लाइन 10 ने दोन स्टेशनं, ग्रेगोरिओ मारान्योनला उतरून लाइन 7 पकडली की थेट एस्तादिओ मेत्रोपोलितानो. अ‍ॅटलेटिको 2017 पासून इथे खेळतो. हे मैदान शहराच्या पूर्व टोकाला आहे. टूर आणि मॅच यांसाठी दोन खेपा करण्यापेक्षा मॅचच बघा.

मात्र वेळ एकाच मॅचपुरता असेल, तर आमचं मत वायेकासच्या मैदानाला. लाइन 1, पोर्तास्गो स्टेशन. शहराच्या मधल्या सोल चौकातून गाडी बदलावी लागत नाही. रायो वायेकानो हा वस्तीचा संघ. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघांची मॅच पाहिलेल्याला इथलं वातावरण समजावून सांगावं लागणार नाही. एका गोलमागे स्टँडच नाही, सरळ भिंत आहे, आणि तिच्यामागच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत उभं राहून लोक मॅच बघतात. तुमची जागा भिंतीसमोरच्या बाजूला मिळाली, तर सामन्याबरोबर त्या गॅलऱ्याही दिसतात. तिकीट मात्र बऱ्याचदा मैदानाच्या खिडकीवरच रांग लावून घ्यावं लागतं, तेव्हा आदल्या एक-दोन दिवसांत चक्कर मारून विक्रीची वेळ बघून या.

आत मोठी बॅग चालत नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. स्टँडमध्ये दारू विकत नाहीत. मिळते ती बिनअल्कोहोलची बिअर. मध्यंतरात सगळीकडे फॉइल सुटतं आणि आतून बोकादियो निघतो, लांबट पावाचं सँडविच. त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आणि तोर्तियात, म्हणजे बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये, अंडं. शाकाहारी असाल तर 'बोकादियो दे केसो', म्हणजे चीजचा, मागा. पिपास, म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, बिनघोर घ्या.

रात्री नऊची मॅच साधारण अकराला संपते, मेट्रो दीडपर्यंत असते. जवळच्या स्टेशनात शिरू नका, तिथे गर्दी तुंबते. बर्नाबेउहून चालत नुएबोस मिनिस्तेरिओस गाठा, मेत्रोपोलितानोहून लाइन 5 चं कानियेहास.