पुरात भिजलेलं बिडाचं रंधा मशीन पुन्हा कामाला कसं लावावं

सांगलीत २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेलं रंधा मशीन (फिरत्या पात्यांनी लाकूड सपाट करणारं यंत्र) कुणी भंगाराच्या भावात देत असेल, तर नुसता गंज बघून नको म्हणू नका. गंज निघतो. टेबल हातोडीने हलकेच वाजवून बघा. अखंड बीड खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. दोन टेबलांच्या मधला, पाती बसवलेला फिरता ब्लॉक चौकोनी असेल तर मात्र घेऊ नका. त्याच्या चपट्या बाजू आणि टेबलाची कड यांत मोठी फट पडते आणि बोट खोलवर ओढलं जातं.

बरेच जण सुरुवात रंगापासून करतात. रंग सगळ्यात शेवटी. मशीनचा जीव दोन टेबलं आणि ब्लॉक यांच्या मापात असतो.

खोलताना फोटो काढत जा. अडकलेल्या बोल्टवर रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळा, मग सोडवा. पात्या दाबणाऱ्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट जिथले तिथेच परत बसले पाहिजेत, म्हणून खुणा करून ठेवा.

गंजलेले लहान भाग विजेवर साफ होतात. प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर पाणी आणि ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. १२ व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह तार भागाला आणि पॉझिटिव्ह तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडा. तिथे स्टेनलेस स्टील कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग बुडवू नका, ते विरघळतात. हायड्रोजन निघतो, म्हणून बादली अंगणात ठेवा. टेबलाला रॉकेल, ब्लेडची खरवड आणि हिरवा स्क्रबर पुरे. ग्राइंडरला डिस्क लावून टेबल घासलं तर खड्डे पडतात आणि ते पुन्हा सपाट करायला मशीन शॉपच गाठावं लागतं.

पुराचा गाळ शिरलेलं बेअरिंग धुऊन चालत नाही, बदलाच. नंबर बाहेरच्या कड्यावर असतो. ६२०५ असेल तर दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं ६२०५-२आरएस आणा. शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेत डाग पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

आता माप. दोन्ही टेबलं एकाच उंचीला आणून त्यांवर लांब स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घालून बघा. टेबलाचं बाहेरचं टोक झुकलेलं दिसलं तर आधी गिबचे (टेबलाच्या सरकत्या खाचेतला ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. तरीही झुकलं तर डोव्हटेलमध्ये (टेबल ज्यावर सरकतं त्या तिरप्या खाचेत) बाहेरच्या टोकाकडे ०.१ मिमी पितळी शिम (पातळ पत्रा) घाला.

पाती ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमी. मेन स्विच बंद करून, प्लग काढून, मागच्या (रंधलेलं लाकूड जिथे बाहेर येतं त्या) टेबलावर, टोक ब्लॉकवर येईल अशी सरळ लाकडी पट्टी ठेवा आणि ब्लॉक हाताने फिरवा. पात्याने पट्टी २ ते ३ मिमी पुढे न्यावी, प्रत्येक पात्याने दोन्ही टोकांना सारखीच. पट्टी मुळीच हलली नाही तर मागचं टेबल उंच आहे आणि लाकूड तिथे अडेल. जास्त सरकली तर टेबल खाली आहे. मग फळीचं शेवटचं टोक पात्यावर पडून तिथे खाच पडते.

वेग: मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या २ एचपी मोटरवर ८ इंची पुली आणि ब्लॉकवर ३ इंची लावली तर ३८४० फेऱ्या मिळतात. तीन पात्यांच्या ब्लॉकला घरगुती कामासाठी एवढं बस्स. जुन्या ब्लॉकवर कमाल वेग कोरलेला असेल तर तो ओलांडू नका.

साधा स्विच काढून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवा, म्हणजे गेलेली वीज परत आली तरी मशीन आपोआप फिरणार नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) मोटरच्या प्लेटवरल्या अँपिअरवर लावा, अर्थिंग स्वतंत्र घ्या आणि ब्लॉकवर सरकणारा गार्ड करा. १२ मिमी प्लायचा चालतो.

सगळं जुळलं की सांगाड्याला प्राइमर आणि इनॅमल द्या. टेबलाला रंग नाही, मेण चोळा. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात ते दर पंधरवड्याला लागेल. सिलिकॉनचा स्प्रे मात्र टाळा, तो लाकडावर उतरला की पॉलिश धरत नाही.