कॅफे रेसर करताय? आधी इंजिन-ब्रेक, मग हँडल

घरात जुनी सीबीझी किंवा स्प्लेंडर पडून असेल आणि तिची कॅफे रेसर, म्हणजे खाली वाकलेलं हँडल आणि मागे उंचवट्याची सीट असलेली जुन्या रेसिंग बाइकसारखी गाडी, करायची असेल तर पहिल्याच दिवशी ग्राइंडर घेऊन चेसिस कापायला जाऊ नका, प्लीज. आधी इंजिन, चेन स्प्रॉकेट, ब्रेक शू, टायर यांवर खर्च करा, लूक नंतर.

लूकचं म्हणाल तर अर्धं काम हँडलच करतं. क्लिप-ऑन (फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, दोन नळ्यांना वेगवेगळे लावायचे दोन छोटे हँडल) महाग पडतात आणि फोर्कच्या मापाचेच लागतात, त्यापेक्षा खाली वाकलेलं क्लबमन हँडल घ्या, 22 एमएमचं, जुन्याच क्लॅम्पमध्ये बसतं. बसवलं की गाडी स्टँडवर लावून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि बघा मूठ धरल्यावर अंगठा टाकीत चेपतो का, चेपत असेल तर हँडल थोडं फिरवून परत बघा. मग गाडी चालू करून न्यूट्रलला परत तसंच वळवा, आपोआप रेस वाढली तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातीये, ती नीट केल्याशिवाय रस्त्यावर अजिबात काढू नका. मी हे मनापासून सांगतोय, वळणावर अशी रेस वाढली की माणूस पडतो.

सीटला नवीन पत्रा नको, जुन्याच सीटचा फोम कापून कव्हरवाल्याकडून रेग्झीन चढवा, मागचा उंचवटा आधी पुठ्ठ्याचा करून बघा म्हणजे शेप कळतो.

आणि चेसिसला हात लावायचा नाही म्हणतोय कारण 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही. मडगार्ड, इंडिकेटर, आरसे ठेवाच, आणि काय बदल चालतो ते आरटीओत आधी विचारून घ्या.