अमेरिकेतल्या कॉलेजची माजी विद्यार्थी मुलाखत: वजन किती, तयारी कशी

अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अर्ज केलेल्या मुलांना तिथलेच माजी विद्यार्थी भेटतात आणि प्रवेश कार्यालयाला अहवाल पाठवतात. या मुलाखतीची मेल आली म्हणजे प्रवेश झाला नाही, आणि नाही आली म्हणजे अर्ज बाद झाला असंही नाही. बऱ्याच कॉलेजांत तुमच्या भागात मुलाखत घेणारा कुणी मोकळा आहे का, यावरच बोलावणं ठरतं. येल मात्र ज्यांच्याविषयी समितीला अजून माहिती हवी आहे, त्यांना प्राधान्य देतं. कोलंबियाने ही मुलाखत बंदच केली आहे. ब्राउनला मुलाखतीऐवजी, तुमची इच्छा असेल तर, स्वतःचा छोटा व्हिडिओ पाठवता येतो.

आधी त्या कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ उघडा, म्हणजे कॉलेजने प्रवेशाबद्दल वगैरे स्वतःच जाहीर केलेली ठरावीक नमुन्यातली माहिती. त्यातल्या सी-७ तक्त्यात ‘मुलाखत’ अशी ओळ असते आणि ती किती महत्त्वाची हे कॉलेजनेच खूण करून सांगितलेलं असतं. क्लासवाल्यांना विचारण्यापेक्षा हे बघा. वजनाची एक कल्पना प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यातूनही येते, ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. त्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार, प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी गोऱ्या मुलांच्या तोडीचे गुण दिले होते, प्रवेश कार्यालयाने मात्र कमी. शेवटचा शब्द कुणाचा, ते यात दिसतं.

मेलला त्याच दिवशी उत्तर द्या. आईबाबांना सोबत नेऊ नका, सर्टिफिकेटांची फाईलही घरीच ठेवा.

आता खरा अवघड भाग: स्वतःबद्दल बोलणं. माझ्या मुलाखतीत मी पाठ केलेली उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. समोरच्या बाईंनी विचारलं, “गेल्या रविवारी काय केलंस?” आणि मला एक वाक्य सुचेना. पुढे मी स्वतः अशा मुलाखती घेऊ लागले तेव्हा कळलं की तो प्रश्न मदतीचा होता. त्यांना रात्री बसून माझ्यावर अहवाल लिहायचा होता आणि मी त्यांना लिहिण्यासारखं काहीच दिलं नव्हतं.

आपल्याकडची मुलं इथेच अडतात. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, हे घरात इतकं बिंबवलेलं असतं की ‘मी केलं’च्या जागी ‘आम्ही केलं’ येतं. नाहीतर दुसरं टोक: कोचिंगवाल्याने शिकवलेलं ‘आय ॲम अ बॉर्न लीडर’. दोन्हींतून माझ्या हाती काही लागत नाही. दावा करू नका, घडलेलं सांगा. एका मुलीने मला सांगितलं की ती दर रविवारी सोसायटीच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहायची, आणि उन्हाळ्यात टँकर कधी मागवायचा हे सेक्रेटरी त्या वहीवरून ठरवू लागले. ‘पर्यावरणाची आवड’ हे शब्द तिने उच्चारलेही नाहीत. तिचा अहवाल लिहायला मला पंधरा मिनिटं पुरली.

म्हणून उत्तरं लिहून काढू नका, अगदी एकही नाही. तीन प्रसंग निवडा आणि तुमच्या शाळेबद्दल काहीच माहीत नसलेल्या आत्याला किंवा शेजारच्या काकांना सांगा. ते जिथे “मग?” म्हणतील तो भाग ठेवा, जिथे मान डोलवून गप्प बसतील तो काढा. यासाठी हजारो रुपये घेणाऱ्या सराव-मुलाखती मला मुळीच मान्य नाहीत. तिथून आलेली मुलं पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतात, सगळ्यांची वाक्यं सारखीच असतात.

मार्क आपणहून सांगू नका. आम्हाला बहुधा तुमचा अर्ज दिसत नाही, आणि कार्यालयाकडे ते आकडे आधीच असतात. ‘हेच कॉलेज का?’ याच्या उत्तरात रँकिंग नको, एखादा विषय किंवा प्रयोगशाळा सांगा.

शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतील. वेबसाइटवर असलेलं विचारू नका. पहिल्या हिवाळ्यात घरची आठवण आली तेव्हा काय केलंत, हे विचारा.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींची आभाराची मेल पाठवा. “माझा चान्स किती?” हे त्यात लिहू नका, ते आम्हालाही ठाऊक नसतं.