ऑर्पिंग्टनची नवी पिसं आली की मगच रंगाच्या जोड्या लावा

दिवस लहान होऊ लागले की वर्षापेक्षा जास्त वयाच्या ऑर्पिंग्टन कोंबड्या पिसं टाकू लागतात. खुराड्यात पिसांचा सडा पडतो, अंडी कमी होतात किंवा बंदच होतात. पक्षी खातापिता, चपळ असेल तर औषधाच्या मागे लागू नका. नवी पिसं पूर्ण यायला दोन-तीन महिने जातात. पैदाशीचे पक्षी रंगावरून निवडायचे ते त्यानंतरच.

जुन्या पिसांवर खरा रंग कळत नाही. उन्हात बफ, म्हणजे सोनेरी-पिवळट रंग, फिका पडतो, पांढऱ्यावर पिवळट झाक चढते, काळ्याची हिरवी चमक जाऊन तांबूसपणा येतो. मग उघड्यावर वाढलेला चांगला नर बाद होतो आणि सावलीतला सुमार नर निवडला जातो, हे फार वाईट. बफमध्ये पाठीची पिसं बाजूला सारून मुळापर्यंत रंग उतरलाय का ते बघा. पंख उलगडा, शेपटीत काळं किंवा पंखात पांढरं पीस दिसलं तर तो पक्षी अंड्यांसाठी ठेवा, पैदाशीत नको.

सर्वात जास्त गोंधळ निळ्या रंगाचा. हा निळा म्हणजे पाटीसारखा राखाडी. निळा नर आणि निळी मादी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश, म्हणजे फिक्या अंगावर निळसर शिंतोडे असलेली. काळी पिल्लं निघाली म्हणून विकणाऱ्याने फसवलं असं लगेच समजू नका. सगळी पिल्लं निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश एकत्र लावा. निळ्यावर काळा लावला तर निम्मी निळी, निम्मी काळी.

बफ मात्र या खेळात आणू नका. विल्यम कुक यांनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १८८६ साली काळी ऑर्पिंग्टन तयार केली ती मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक या कोंबड्यांच्या जातींच्या संकरातून; १८९४ ची बफ वेगळ्याच जातींपासून आली. दोन्ही मिसळले की शुद्ध रंग हाती लागत नाही.

पिसांत साधारण ८५ टक्के प्रथिनं असतात, म्हणून या काळात १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं खाद्य द्या. मक्याचा भरडा आवरता घ्या, नाहीतर ही जड जात नुसती चरबी धरते. कोवळ्या पिसांच्या नळीत रक्त असतं, हात लागला तरी दुखतं. पक्षी गरीब आहे, मुकाट धरू देतो, म्हणून उगाच उचलू नका. तापट जातींच्या कोंबड्या टोचत असतील तर खुराडं वेगळं करा. ऑर्पिंग्टन उलट मारत नाही.

नवी पिसं पक्की झाली की उवा तपासा, विशेषतः शेपटीखाली. तिथली पिसं फार दाट असतील तर नर-मादी दोघांचीही कात्रीने छाटा, अंडी फळण्याचं प्रमाण सुधारतं. एका नरामागे सहा ते आठ माद्या पुरेत. मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे नर बदलल्यावर किमान तीन आठवड्यांनीच उबवणीची अंडी गोळा करा.