नीट झाली नाही, किंवा द्यायचीच नाही: नागपुरात राहून बायोमेडिकल सायन्सकडे कसं जायचं

नीटचा निकाल लागला की नागपुरात दरवर्षी तेच सुरू होते, रिपीट करू का, बीडीएस घेऊ का, आणि कोणीतरी काका म्हणतात की पॅरामेडिकलमधे टाक काहीतरी. त्या काकांचं ऐकायच्या आधी हे वाचून घ्या.

बायोमेडिकल सायन्समधे शरीर बिघडते कसं ते शिकतात, पेशी, रक्त, प्रोटीन, जीन या पातळीवर. पेशंट तपासणं त्यात येत नाही. फॉर्म भरताना लोक तीन गोष्टी हमखास मिसळवतात म्हणून सांगून राहिलो: बायोमेडिकल इंजिनीअरिंग वेगळं, तिथं गणित लागते आणि काम व्हेंटिलेटर-एमआरआयसारख्या यंत्रांचं, डीएमएलटी-बीएमएलटी वेगळं, ते लॅब टेक्निशियनचं शिक्षण आणि लवकर कमवायचं असेल तर खरंच चांगलं, आणि तिसरं हे, ज्याला वेळ लागतो. घरची परिस्थिती अशी असेल की पगार लवकर यायलाच पायजे तर बीएमएलटी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता खरी अडचण. "बीएस्सी बायोमेडिकल सायन्स" हे नाव आपल्याकडं शोधत बसलात तर फारसं काही हाती लागत नाही. ते दिल्ली विद्यापीठात मिळते, आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि मुलींसाठी शहीद राजगुरू या कॉलेजांत, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेवर. घरचे दिल्लीला पाठवत असतील तर उत्तम, नसतील तरी रडायचं काम नाही, काऊन की नावापेक्षा विषय महत्त्वाचे. बारावीला पीसीबी असलं की इथं बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक यातलं जे जमेल ते घ्या, केमिस्ट्री शक्यतो सोडू नका (पुढं सगळे इथंच अडकतात). पीजीला आपल्या नागपूर विद्यापीठातच बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि मॉलिक्युलर बायोलॉजी अँड जेनेटिक इंजिनीअरिंग असे विभाग आहेत. आणि आयसर पुण्याचं (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) स्वप्न असेल तर त्यांची वेगळी परीक्षा राहते, आयएटी, ती बारावीच्याच वर्षी देऊन टाका.

कॉलेज निवडताना नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रेड विचारू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि एकच विचारा, प्रॅक्टिकल तुम्ही स्वतः करता का सर करतात आणि तुम्ही भोवती उभं राहून पाहता. पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारी) आहे म्हणून सांगतात पण ती कपड्याखाली झाकलेली असेल तर असून काय उपयोग. मायक्रोपिपेट हातात धरून दोन मायक्रोलिटर नीट उचलता येणं, मोलॅरिटीचं (द्रावण किती तीव्र त्याचं) गणित न अडखळता करता येणं, हे मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडते.

आता अभ्यास कसा करायचा, आणि हा भाग मी जरा लांबवणार आहे. सगळे विषय सुटे सुटे पाठ केले तर परीक्षा निघते आणि बाकी सगळं उडून जाते. त्यापेक्षा एक आजार पकडा आणि प्रत्येक विषय त्याच्यातून वाचा. विदर्भातल्या पोरांनी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पकडावा, आपल्या भागात तो आहेच, कोणाच्या न कोणाच्या घरात आहेच. बायोकेमिस्ट्रीत हिमोग्लोबिन आलं की बघा, बीटा साखळीत ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं आणि ऑक्सिजन कमी झाला की ते रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतात, पेशी कोयत्यासारखी वाकते. जेनेटिक्समधे तेच म्हणजे जीएजीचं जीटीजी, फक्त एक अक्षर. एनसीबीआय या जीनच्या डेटाबेसच्या साइटवर जाऊन एचबीबी (बीटा साखळीचा) जीन स्वतः काढा, फुकट आहे, तो कोडॉन (तीन अक्षरांचा गट) शोधा, आणि पुस्तक सहावी जागा म्हणते पण डेटाबेस सातवी दाखवतो हे पाहून घाबरू नका, डेटाबेसवाले सुरुवातीचं मेथिओनिन पण मोजतात. त्याच बदलामुळं एमएसटी-टू नावाच्या एन्झाइमची कापायची जागा पण नाहीशी होते, म्हणजे रिस्ट्रिक्शन एन्झाइमचा धडा पण यातच आला. पॉप्युलेशन जेनेटिक्समधे मलेरियाचा संबंध, फार्माकोलॉजीत हायड्रॉक्सियुरिया हे औषध, हिमॅटोलॉजीत सोल्युबिलिटी टेस्ट (झटपट प्राथमिक चाचणी) कुठं पुरते आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी कधी लागते ते. शेवटी कॅसजेव्ही, जी क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्रावर बनलेली पहिली मंजूर थेरपी, ब्रिटनमधे नोव्हेंबर २०२३ ला आणि अमेरिकेत पुढच्याच महिन्यात सिकलसेलसाठी पास झाली. आणि याची सुरुवात १९४९ मधे लायनस पॉलिंग आणि सोबत्यांनी याला रेणूचा आजार म्हटलं तिथून. एवढं एक प्रकरण नीट समजलं की एमएस्सीच्या मुलाखतीत तुम्ही अर्धा तास बोलू शकता, आणि तुमचं बोलणं रट्टा मारल्यासारखं वाटत नाही.

सोबत स्टॅटिस्टिक्स शिका बाप्पा. मुलं बायोलॉजी घेतात ती गणित नको म्हणून, आणि मग पी व्हॅल्यूपाशी येऊन अडतात. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिकायला पैसे लागत नाहीत.

एमएस्सीसाठी परीक्षा: आयआयटीसाठी जॅम, बायोटेकच्या केंद्र सरकारच्या सीट्ससाठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. दिल्लीला डॉ. आंबेडकर सेंटर फॉर बायोमेडिकल रिसर्चमधे नेमकं याच विषयाचं एमएस्सी आहे. नंतर सीएसआयआर नेट लाइफ सायन्स, वर्षातून दोनदा राहते. जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) लागली तर महिन्याला ३७,००० आणि एचआरए, दोन वर्षांनी ४२,०००. घरी "अजून किती शिकणार" विचारलं की हा आकडा सांगायचा. ओबीसी, एनटी, एसबीसी मुलांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडं पण लक्ष ठेवावं, पीएचडीची फेलोशिप देतात आणि ऑफिस नागपुरातच आहे. एससी असाल तर तशीच संस्था बार्टी.

नोकऱ्यांबद्दल सरळ बोलतो. डायग्नोस्टिक लॅब ही पहिली पायरी, धंतोली-रामदासपेठेत लॅबच लॅब आहेत, पण सुरुवातीचा पगार कमीच राहतो. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, सुप्रीम कोर्टानं २०१७ मधे सांगितलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. म्हणजे एमएस्सी करून स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकतो आणि सह्या करतो हा प्लॅन डोक्यातून काढून टाका.

क्लिनिकल ट्रायलमधे कोऑर्डिनेटरचं काम मिळते, कागदपत्रं आणि पेशंटशी बोलणं जमत असेल त्यांच्यासाठी छान, इथं मराठी-हिंदी येणाऱ्याला भाव आहे. फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी, त्यासाठी बहुतेक पुणे-मुंबई गाठावी लागते. आयव्हीएफ सेंटरमधे एम्ब्रियॉलॉजिस्ट होता येते पण २०२१ च्या एआरटी कायद्यानंतर शिक्षणाची अट कडक झाली, तर कुठल्याही महिन्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरू नका. जेनेटिक काउन्सेलिंग माझ्या मते विदर्भात सगळ्यात गरजेचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. २०२३ मधे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मिशनमधे सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, आता तपासणीत दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही पण सदोष जीन आहे असे) निघाले तर त्या जोडप्याशी बसून बोलणार कोण?

रिसर्च म्हटलं की मुलं थेट बंगलोरचं नाव घेतात. अरे, इथं नागपुरातच नीरी आहे ना! कोविडमधे घशात काडी न घालता मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून आरटीपीसीआर करायची पद्धत २०२१ मधे तिथूनच निघाली, आणि नीरी ही मुळात पर्यावरणाची संस्था. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांवर आयसीएमआरचं केंद्र आहे, मिहानमधे एम्स आहे, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज तर जवळच.

बाहेर जायचं असेल तर ब्रिटनमधे बायोमेडिकल सायंटिस्ट हे नाव एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडं रजिस्टर झाल्याशिवाय लावताच येत नाही, म्हणून तिथं कोर्स घेताना तो आयबीएमएस या तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेला आहे का बघा. एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

आणि इंटर्नशिपचं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करा. विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप आहे, तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. ती नाही मिळाली तर प्राध्यापकांना सरळ मेल टाका, पण एकच मेल पन्नास जणांना कॉपी-पेस्ट नको, त्यांना ते लगेच कळते. त्यांचा एखादा पेपर वाचा, त्यातलं न समजलेलं एक काहीतरी विचारा, तुम्हाला कोणती प्रॅक्टिकल हातानं येतात ते दोन ओळीत लिहा, तारखा लिहा, मार्कशीट जोडा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर दुसरी लॅब, आणि उन्हाळ्याचं असेल तर जानेवारीतच लिहा, एप्रिलमधे सगळ्या जागा भरलेल्या राहतात.