शेतात जनरेटरवर वेल्डिंग मशीन कसं चालवायचं

उसाच्या फडात ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी तुटली, तर भरलेली ट्रॉली गावात नेण्यापेक्षा वेल्डिंग मशीन फडात नेणं सोपं. तिथं वीज नाही, म्हणून सोबत जनरेटर. पण हिशेब न करता निघालात, तर रॉड चिकटत राहतो आणि इंजिन गुदमरतं.

त्यामुळे पहिलं काम कागदावर. २.५ मिमीच्या रॉडला साधारण ७० ते ९० अँपिअर लागतात, ३.१५ मिमीच्या रॉडला १०० ते १३०. शंभर अँपिअरला आर्कवर, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या झोतावर, सुमारे २४ व्होल्ट असतात, म्हणजे २.४ किलोवॉट. मशीनमध्ये वाया जाणारं धरलं की ३ किलोवॉट. साध्या सिंगल फेज इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक) मशीनचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या भारातला खरा कामी येणारा वाटा, ०.७ च्या आसपास असतो, म्हणून जनरेटरवर प्रत्यक्षात सव्वाचार केव्हीएचा (जनरेटरची क्षमता याच मापात असते) भार येतो. जनरेटरच्या प्लेटवर कमाल आणि सतत असे दोन आकडे असतील, तर सततचाच धरा. २.५ च्या रॉडला ५ केव्हीए, ३.१५ ला साडेसात, असं माझं माप आहे. २ केव्हीएच्या छोट्या जनरेटरवर हे काम करायला जाऊ नका. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन याहून बरंच जास्त ओढतं. ते छोट्या पेट्रोल जनरेटरला लावूच नये. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ असते, तिथं इंजिनाची ताकद सुमारे आठव्या भागाने कमी धरा.

मग जागा. जनरेटर उघड्यावर, सपाट जमिनीवर आणि कामापासून निदान दहा-बारा मीटर लांब ठेवा. ठिणग्या लांब उडतात आणि तिथं पेट्रोल आहे. पाऊस आला तरी जनरेटर शेडमध्ये घेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

वायरवर पैसे वाचवू नका. ३० मीटर लांब, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर २० अँपिअरला सुमारे ९ व्होल्ट खाते, १.५ ची असेल तर चौदा-पंधरा. लांबी वाढली की ४ चौरस मिमीची घ्या. रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापून वितळते. घरातला १६ अँपिअरचा प्लग इथं कमी पडतो, इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावा. जनरेटरचं तोंड घराच्या वायरिंगमध्ये कधीही घालू नका. तो करंट उलटा खांबावर जाऊन वायरमनच्या जिवावर बेतू शकतो.

ज्याला आपण अर्थिंगची केबल म्हणतो, तिचा क्लॅम्प थेट जॉबवरच (जोडायच्या लोखंडावर), गंज घासून, टाक्याच्या म्हणजे वेल्डिंगच्या जोडाच्या जवळ लावा. जनरेटरच्या बॉडीला तो लावायचा नाही. मशीनचं खरं अर्थिंग प्लगमधल्या तिसऱ्या पिनेतून येतं; ती पिन मोडलेली असेल तर आधी बदला.

आता चालू करू. मशीनचं बटण बंद ठेवून इंजिन सुरू करा, चार-पाच मिनिटं रिकामं चालवा. मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. २२० ते २४० च्या दरम्यान असेल तरच मशीन जोडा. सुरुवात ६०-७० अँपिअरवर, भंगाराच्या तुकड्यावर. आर्क पेटताना इंजिनाचा आवाज किंचित जड होऊन लगेच सावरला पाहिजे. तो खाली बसून तसाच राहिला, तर करंट कमी करा किंवा बारीक रॉड घ्या. आवाजाकडे कान ठेवणारा वेल्डर मीटरकडे बघणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो, हे मी कामावर पाहिलं आहे. वेल्डिंग चालू असताना त्याच जनरेटरवर ग्राइंडर किंवा मोबाइलचा चार्जर नको. प्रत्येक टाक्याला व्होल्टेज हलतं. लोखंडी पूड मशीनच्या पंख्यातून आत जाणार नाही एवढ्या अंतरावर ग्राइंडिंग करा.

प्लेटवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलं असेल, तर त्या करंटला दहा मिनिटांत सहाच मिनिटं वेल्डिंग. हा आकडा बहुधा ४० अंश तापमानाचा असतो. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी त्याहून जास्त विश्रांती द्या.

एकदा मी टाकीतलं पेट्रोल बघितलं नाही. टाका चालू असतानाच इंजिन आचके देऊ लागलं, व्होल्टेज वरखाली झालं आणि मशीनचं कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जळालं. तेव्हापासून टाकी पाव भागावर आली की काम थांबवतो. आधी मशीन बंद, मग इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं चालवून बंद, आणि ते हाताला थंड लागलं की मगच पेट्रोल.